एआयशिवाय हात चालत नाहीत, असं लिहिणाऱ्या मुलाला

भाऊ, तुझा प्रश्न दोनदा वाचला. तू सावद्याचा, घरी केळी, इंजिनीअरिंग जळगावला आणि आता आठ महिने पुण्यात नोकरी. आठवड्याला पाच-सहा तिकिटं, म्हणजे नोंदवून दिलेली कामं, बंद करतोस, टीमचा लीड खूश आहे. पण मध्यंतरी ऑफिसातलं एआयचं लायसन्स दोन दिवस बंद पडलं आणि तुझ्याच नावावर असलेल्या फाइलमधली एक साधी अट तुला बदलता आली नाही. लीडला सांगितलंस तर तो म्हणाला, "कोड लिहायचे दिवस गेले, तू नीट सांगायला शिक." आणि तू विचारतोस, मग मी नेमकं काय शिकतोय? मी प्रोग्रामर होतोय की नाही?

मी २००४ पासून हेच काम करते. अकरा वर्षं पुण्यात काढली, २०१५ ला जळगावला परत आले. आमची छोटी टीम आहे. दूध डेअऱ्या, डाळ मिल आणि पतपेढ्यांसाठी आम्ही सॉफ्टवेअर बनवतो. सध्या माझ्या हाताखाली चार ज्युनियर आहेत आणि चौघंही एआय वापरतात. मीसुद्धा रोज वापरते. त्यामुळे "ते सगळं बंद कर" असं उत्तर माझ्याकडून मिळणार नाही.

थेट सांगायचं तर त्या दोन दिवसांत तुला जे जाणवलं ते खरं आहे. तुझं एक अंग वाढतंय आणि एक खुरटतंय. कोड लिहायची सवय सुटली, हा त्यातला लहान भाग. सिंटॅक्स, म्हणजे कोड लिहायचं व्याकरण, महिनाभरात परत हातात बसतो. मोठा भाग वेगळा आहे. प्रोग्राम बिघडला की तो कुठे बिघडला असेल, याचा अंदाज बांधायची ताकद तुझ्यात अजून तयार झालेली नाही. ती अडून बसल्याशिवाय येत नाही, आणि तुझं अडणंच एआयनं काढून घेतलंय.

हे नुसतं सांगून पटणार नाही, म्हणून आमच्याकडचा एक प्रसंग सगळाच सांगते.

पारोळ्याकडच्या एका गावात दूध डेअरीला आम्ही नवं सॉफ्टवेअर दिलं होतं. सकाळ-संध्याकाळ दूध येतं, काट्यावर लिटर मोजतात, मशीनवर फॅट लागतं, एन्ट्री होते, पावती निघते. दर दहा दिवसांनी बिल. हा भाग आमच्याकडच्या तुझ्याच वयाच्या मुलानं केला होता, आणि मी वरवर पाहून पास केला होता. पहिली दोन बिलं शांततेत गेली. तिसऱ्या बिलाला पाच-सहा शेतकरी तक्रार घेऊन आले. त्यातले एक बाबा पावती पुढे धरून म्हणाले, "ताई, मन्हं अकरा तारीखनं सकायनं दूध कुठे गयं?" पावती खरी होती. सिस्टिममध्ये मात्र त्यांची अकरा तारखेची सकाळ कोरी.

तो मुलगा दोन दिवस त्यामागे लागला होता. त्यानं एआयला सांगितलं की एन्ट्र्या रँडमली गायब होतात. एआयनं सांगितलं, दोन एन्ट्र्या एकाच वेळी सेव्ह होत असतील, लॉक लाव. लावला. मग म्हणालं, गावात नेट जात असेल, पुन्हा प्रयत्न करणारा कोड टाक. टाकला. मग डेटाबेस ट्रान्झॅक्शन नीट बांध. बांधलं. यातलं प्रत्येक उत्तर पटण्यासारखं होतं, लिहून दिलेला कोडही चांगला होता. तीनशेच्या आसपास ओळी वाढल्या आणि दूध गायब व्हायचं थांबलं नाही.

तिसऱ्या दिवशी मी त्याच्या शेजारी बसले. लॅपटॉप मिटायला लावला, कोरा कागद घेतला.

"कोणाकोणाचं दूध गेलं?"

त्यानं सहा नावं सांगितली.

"आणि कोणाचं कधीच गेलं नाही?"

हे त्यानं पाहिलंच नव्हतं. डेअरीच्या सचिवांना फोन करून पावत्यांचे फोटो मागवले, छापले आणि टेबलावर पत्त्यांसारखे मांडले. पावतीवर वेळ असते. बाबांची अकरा तारखेची पावती पहाटे ५ वाजून १२ मिनिटांची. दुसऱ्या एकाची ५:२०. तिसऱ्याची ५:०८. गेलेली प्रत्येक एन्ट्री पाच ते साडेपाचमधली. तो एकदम सरसावला, आणि लगेच ढेपाळला. कारण एक बाई रोज पाच वाजता पहिल्या नंबरला येत होत्या आणि त्यांची एकही एन्ट्री गेलेली नव्हती.

मी गप्प बसले. इथे उत्तर सांगायचा मोह फार होतो. तोही बराच वेळ बोलला नाही. मग त्यानं बाबांच्या दहा तारखेची पावती काढली. पावतीवर ५.८ लिटर, वेळ ५:४१. सिस्टिममध्ये दहा तारखेच्या सकाळला ६.४ लिटर. आणि अकराच्या पावतीवर किती? ६.४.

"ताई," तो म्हणाला, "अकराचं दूध दहाला जाऊन बसलंय."

तिथून पुढे त्याला काही सांगावं लागलं नाही. भारताची वेळ जागतिक प्रमाण वेळेच्या साडेपाच तास पुढे आहे. आपल्याकडे अकरा तारखेचे पहाटेचे ५:१२ वाजतात, तेव्हा प्रमाण वेळेत दहा तारखेचे रात्रीचे ११:४२ झालेले असतात. कोडमध्ये तारीख काढायला जावास्क्रिप्ट भाषेतलं टूआयएसओस्ट्रिंग हे तयार फंक्शन वापरलं होतं आणि त्यातली पहिली दहा अक्षरं उचलली होती. ती तारीख प्रमाण वेळेची असते. त्यात आणखी एक भर अशी, की त्याच सभासदाची त्याच दिवसाची आणि त्याच वेळची (सकाळची किंवा संध्याकाळची) एन्ट्री आधी असेल तर नवी एन्ट्री जुनीवर लिहायची, म्हणजे ऑपरेटरला चूक दुरुस्त करता यावी, असं आम्हीच ठरवलं होतं. आदल्या दिवशी साडेपाचनंतर आलेला माणूस दुसऱ्या दिवशी साडेपाचच्या आत आला की त्याचं आदल्या दिवसाचं दूध पुसलं जायचं आणि आजचा दिवस कोरा राहायचा. त्या बाईंच्या सगळ्याच एन्ट्र्या रोज एक दिवस मागे पडत होत्या, त्यामुळे एकमेकींवर आदळत नव्हत्या. चूक त्यांच्याही खात्यात होती, फक्त दिसत नव्हती.

ती ओळ एआयनं लिहिलेली होती. इंटरनेटवर ती हजार ठिकाणी तशीच सापडेल आणि दिवसा ती बरोबरच चालते. आमचा मुलगा ऑफिसात दहा ते सातमध्ये टेस्ट करत होता, त्याला ती कधीच चुकलेली दिसली नसती. दुरुस्ती एका ओळीची झाली. वाढवलेल्या तीनशे ओळी त्यानं स्वतः काढल्या, आणि ज्यांचं दूध पुसलं गेलं होतं त्यांचं पावतीनुसार बिल करून दिलं.

आता यातलं तुझ्या कामाचं काय, ते बघ. एआय मूर्ख होतं म्हणून हे झालं नाही. "साडेपाचच्या आत आलेल्यांचीच एन्ट्री जाते" एवढं वाक्य त्याला मिळालं असतं तर त्यानं अर्ध्या मिनिटात कारण सांगितलं असतं. पण त्याला मिळाला "रँडमली" हा शब्द. तो शब्दच चूक होता. ते रँडम नव्हतं, आमच्या मुलानं पाहिलं नव्हतं. तुझा लीड म्हणतो तसं नीट सांगायला शिकणं महत्त्वाचं आहेच, पण नीट सांगायला आधी नीट पाहता यावं लागतं. कोणाचं गेलं, कोणाचं गेलं नाही, कधीपासून, त्याआधी काय बदललं, हे प्रश्न आपोआप सुचत नाहीत. शे-दीडशे वेळा स्वतः अडल्यावर सुचायला लागतात. मला जे दहा मिनिटांत सुचलं त्याच्यामागे २००६ सालची एक पूर्ण रात्र आहे. तेव्हा एका बँकेच्या रिपोर्टमध्ये महिन्याचा शेवटचा दिवस गळत होता आणि विचारायला कोणी जागं नव्हतं.

हे माझ्या एकटीचं मत आहे असं वाटू नये म्हणून दोन-तीन अभ्यास सांगते. क्लॉड नावाचं एआय बनवणाऱ्या अँथ्रॉपिक कंपनीनं जानेवारी २०२६ मध्ये स्वतःच एक प्रयोग प्रसिद्ध केला. ५२ प्रोग्रामर घेतले, त्यातले बहुतेक ज्युनियर. त्यांना पायथनची ट्रायो नावाची अनोळखी लायब्ररी शिकत एक काम करायला दिलं. निम्म्यांना एआयची मदत, निम्म्यांना नाही. मग सगळ्यांची परीक्षा. एआय नसलेल्या गटाला सरासरी ६७ टक्के, एआयवाल्यांना ५०. सर्वांत मोठी दरी पडली ती चूक शोधण्याच्या प्रश्नांत. आणि वेळ किती वाचला? दोनेक मिनिटं, तीही संख्याशास्त्राच्या हिशेबात न धरण्याइतकी. पण त्याच प्रयोगात आणखी एक गोष्ट दिसली आणि मला ती जास्त मोलाची वाटते. एआय वापरूनही ज्यांनी त्याला "हे असं का" विचारलं, संकल्पना समजून घेतल्या, त्यांचे गुण चांगले राहिले. ज्यांनी सगळं काम त्याच्यावर सोपवलं त्यांचे घसरले. हत्यार एकच, फरक विचारण्याच्या पद्धतीचा.

असंच तुर्कस्तानात दिसलं. तिथल्या शाळेतल्या सुमारे हजार मुलांना गणिताच्या सरावासाठी चॅटजीपीटीसारखं साधन दिलं. सरावात ती मुलं ४८ टक्के पुढे गेली. मग साधन काढून परीक्षा घेतली तेव्हा ज्यांना ते कधीच मिळालं नव्हतं त्यांच्यापेक्षा १७ टक्के मागे पडली. तिसऱ्या गटाला उत्तर न देता इशारे देणारं साधन दिलं होतं. त्या गटाचं असं नुकसान झालं नाही.

आणि वेगाबद्दल बोलायचं तर २०२५ मध्ये मेटर या संस्थेनं १६ अनुभवी प्रोग्रामरांकडून, त्यांच्याच ओळखीच्या प्रोजेक्टमधली २४६ कामं करून घेतली. एआय वापरताना त्यांना १९ टक्के जास्त वेळ लागला. कामाआधी त्यांना वाटत होतं २४ टक्के वेळ वाचेल, आणि काम झाल्यावरही वाटत होतं की २० टक्के वाचला. हा आकडा सगळीकडे लागू होईल असं मी म्हणणार नाही, साधनंही तेव्हापासून सुधारली आहेत. पण आपला वेग वाढलाय असं वाटणं आणि तो खरंच वाढणं यात एवढं अंतर पडू शकतं, हे ध्यानात ठेव. अनुभवी माणसाची ही गत, तर आठ महिन्यांच्या माणसाला स्वतःचा अंदाज कसा यावा?

यावर एक युक्तिवाद नेहमी होतो. कॅल्क्युलेटर आला तेव्हाही लोक हेच म्हणत होते, गूगल आलं तेव्हाही, प्रोग्रामरांची प्रश्नोत्तरांची साइट स्टॅक ओव्हरफ्लो आली तेव्हाही. मला तो पूर्ण पटत नाही. कॅल्क्युलेटर चुकत नाही, त्यामुळे त्याच्या उत्तरावर नजर ठेवायचं कसब लागत नाही. एआय बहुतेक वेळा बरोबर असतं आणि मधेच, तितक्याच आत्मविश्वासानं, चुकतं. स्टॅक ओव्हरफ्लोच्या २०२५ च्या पाहणीत ६६ टक्के प्रोग्रामरांनी हीच अडचण सांगितली होती: उत्तर जवळजवळ बरोबर असतं, पण पूर्ण नाही. म्हणजे साधनावर नजर ठेवणं हेच मुख्य काम होऊन बसतं, आणि ते ज्याला स्वतः येतं त्यालाच जमतं.

स्टॅक ओव्हरफ्लोचं तर आणखी वेगळं होतं. आम्हीही तिथून कोड उचलायचो, नाकारत नाही. पण तो कोड कधी जसाच्या तसा बसायचा नाही. त्यातली नावं वेगळी, व्हर्जन वेगळी, प्रश्नच थोडा वेगळा. तो आपल्या फाइलमध्ये बसवायला वाचावा लागायचा. खाली कोणीतरी लिहिलेलं असायचं की हे रिकाम्या लिस्टवर फुटतं, तेही वाचलं जायचं. एआय तुझ्या फाइलमधलीच नावं घालून, तुझ्याच पद्धतीनं, मापात शिवलेला कोड देतं. वाचायची सक्तीच उरत नाही. त्या छोट्याशा सक्तीतून आमचं किती शिक्षण झालं, हे ती गेल्यावर मला कळलं.

आता दुसरी बाजूही तितक्याच मनापासून सांगते, कारण आपल्या भागासाठी ती मोठी आहे. आपल्याकडची बरीच मुलं दहावीपर्यंत मराठी शाळेत असतात. पडद्यावर लाल अक्षरांत इंग्रजी एरर आली की त्यांचे डोळे ती वाचतच नाहीत, थेट खाली सरकतात. मी हे पंधरा वर्षं बघतेय. भीती कोडची नसते, त्या परिच्छेदाची असते. माझ्याकडे चोपड्याची एक मुलगी आहे. ती एरर एआयला देते आणि म्हणते, मला ही मराठीत समजावून सांग, दुरुस्त करू नको. तीन महिने असं केलं. आता ती एरर स्वतः मोठ्यानं वाचते, शेवटच्या ओळीपासून वर जाते, आपली फाइल कुठे दिसते ते शोधते. मध्यरात्री शंका विचारली तरी न कंटाळणारा शिक्षक तिला मिळालाय. वर्गात हात वर करायला लाजणाऱ्या मुलांसाठी ही केवढी मोठी गोष्ट आहे, ते तुला सांगायला नको. माझ्या पिढीला हे मिळालं असतं तर आमच्यातल्या कित्येकांनी पहिल्या वर्षीच हे क्षेत्र सोडलं नसतं, असं मला खरंच वाटतं.

तुझ्या घरी केळी आहेत म्हणून तुला लगेच कळेल असं सांगते. टिश्यू कल्चरचं रोप प्रयोगशाळेत बाटलीत वाढतं. साखर, क्षार, ओलावा, सगळं आयतं. दिसायला हिरवंगार असतं, पण पानावर मेणाचा थर नीट धरलेला नसतो आणि पाणी रोखून धरणं त्याला जमत नाही. तेच बाटलीतून काढून सरळ रावेरच्या उन्हात लावलं तर दुपारपर्यंत मान टाकतं. म्हणून आधी हरितगृह, मग शेडनेट, काही आठवडे हळूहळू ऊन दाखवत हार्डनिंग करतात. टिश्यू कल्चर वाईट आहे असं तुझे वडील म्हणणार नाहीत. तालुक्याची बाग त्यावर उभी आहे. पण हार्डनिंग न झालेलं रोप ते घेणारही नाहीत. तुझे आठ महिने बाटलीत गेलेत. आता शेडनेटची वेळ आहे.

ते कसं करायचं? "आठवड्यातून एक दिवस एआयचा उपास" हा सल्ला बरेच जण देतात. माझ्या टीममध्ये आम्ही तो करून पाहिला, टिकला नाही. त्या दिवशी सगळे सोपं काम उरकायचे आणि अवघड काम दुसऱ्या दिवसावर ढकलायचे. त्यापेक्षा कामाच्या जातीवरून ठरव. जे तू चार वेळा स्वतः केलंयस ते खुशाल एआयला दे: फॉर्म, नेहमीची एपीआय, टेस्ट डेटा. मीही देते. जे तुला येत नाही त्याला पहिला हात तुझा लागला पाहिजे. हे उलटं वाटेल, कारण जे येत नाही त्याच्यासाठीच मदत हवी असते. पण शिकणं तिथेच असतं, म्हणून तिथेच थोडा वेळ एकट्यानं काढायचा. अर्धा तास पुरे. दिवसभर अडून राहण्यात काही मोठेपणा नाही. अर्ध्या तासानंतर विचार, माणसाला किंवा एआयला.

त्या अर्ध्या तासात नुसतं पडद्याकडे बघत बसू नको. वहीत लिही: काय व्हायला हवं होतं, काय झालं, मला कशाचा संशय आहे. संशय लिहिणं सर्वांत महत्त्वाचं, चुकीचा असला तरी. मग तो तपासायला एखादी प्रिंटची ओळ टाक, प्रोग्राम हव्या त्या ओळीवर थांबवणारा ब्रेकपॉइंट लाव, प्रोग्रामच्या नोंदींचा लॉग उघड. माझा अनुभव असा की ज्युनियर मुलं डीबगर वापरायलाच शिकलेली नसतात. कॉलेजात कोणी दाखवत नाही आणि नोकरीत एआय आहे म्हणून गरज पडत नाही. एक शनिवार दे त्याला. चालता प्रोग्राम मधेच थांबवून आत व्हेरिएबलमध्ये काय आहे ते आपल्या डोळ्यांनी बघायला मिळतं, तेव्हा कोडबद्दलची भीती कमी होते.

मग एआयकडे जाशील तेव्हा तुझा संशय सोबत ने. "हे दुरुस्त कर" असं न म्हणता "मला वाटतं चूक तारखेच्या रूपांतरात आहे, कारण हे-हे दिसलं, माझं कुठे चुकतंय?" असं विचार. कोड देऊ नको, मला प्रश्न विचार, असंही सांगता येतं आणि ते ऐकतं. उत्तर आलं की ते तुझ्या वहीतल्या अंदाजाशी ताडून बघ. अंदाज बरोबर निघाला की हुरूप येतो, चुकला तर का चुकला ते त्या दिवशी पक्कं बसतं. नुसतं उत्तर मिळालं असतं तर यातलं काहीच झालं नसतं.

आमच्या टीममध्ये दुधाच्या प्रकरणानंतर एक नियम आला: ज्या ओळीचं कारण सांगता येत नाही ती मर्ज होत नाही, म्हणजे मुख्य कोडमध्ये जात नाही. रिव्ह्यूच्या वेळी मी कुठल्याही ओळीवर बोट ठेवते आणि विचारते, ही का आहे, काढली तर काय होईल? पहिले पंधरा दिवस सगळ्यांची चिडचिड झाली. आता मुलं मला दाखवायच्या आधी एकमेकांना तेच विचारतात. तुझा लीड विचारत नसेल तर तू स्वतःला विचार. एआयनं दिलेल्या कोडमधली एक तरी ओळ काढून बघ, काय फुटतं ते. काहीच फुटलं नाही तर ती ओळ तिथे होतीच कशाला?

आणखी एक छोटा उपाय. एआयच्या मदतीनं एखादी नवी गोष्ट केलीस की दुसऱ्या दिवशी सकाळी कोऱ्या फाइलमध्ये ती न बघता लिहून बघ. पूर्ण नाही, गाभ्याचा भाग. वीस मिनिटं लागतात. जिथे हात थांबतो तिथे तुला ते समजलेलं नव्हतं. पाढे असेच पक्के झाले होते आपले.

आता तुझ्या नोकरीचा भाग, कारण लीडला तिकिटं मोजायची आहेत आणि तू त्याच्याशी भांडून उपयोग नाही. यातून एक चांगली वाट आहे: बगची, म्हणजे चुका शोधून काढायची, तिकिटं मागून घे. नव्या फीचरसाठी सगळे पुढे असतात, बग कोणाला नको असतात. लीड आनंदानं देईल. नवं फीचर एआयकडून उभं राहतं, पण चार वर्षांच्या जुन्या कोडमधली एखाद्याच ग्राहकाला दिसणारी चूक शोधताना लोकांशी बोलावं लागतं, लॉग वाचावे लागतात, जुने कमिट (कोडमधल्या बदलांच्या नोंदी) उघडून कोणी, कधी, काय बदललं ते बघावं लागतं. कंपनी तुला पगार देऊन हे शिकवते. वर्षभर बग काढणारा माणूस सिस्टिम जितकी ओळखतो तितकी ती बांधणाराही ओळखत नाही, हे मी दोन कंपन्यांत पाहिलंय.

लीडबद्दल आणि त्याच्या वरच्यांबद्दलही बोलायला हवं, कारण सगळं ओझं तुझ्यावर टाकणं बरोबर नाही. आपल्या अमळनेरला १९४५ मध्ये वनस्पती तुपासाठी सुरू झालेली कंपनी आज विप्रो म्हणून जगभर ओळखली जाते. तिच्यासह देशातल्या सगळ्याच मोठ्या आयटी कंपन्या वाढल्या त्या नव्या मुलांना घेऊन, महिनोन्‌महिने शिकवून, आधी लहान काम देऊन. ते लहान काम हीच पहिली पायरी होती. आता लहान काम एआय करतं. अमेरिकेतल्या पगाराच्या नोंदींवरून स्टॅनफर्डच्या अभ्यासकांनी २०२५ मध्ये दाखवलं की एआयचा जास्त प्रभाव असलेल्या कामांत २२ ते २५ वयाच्या मुलांचा रोजगार इतरांच्या तुलनेत १३ टक्क्यांनी घटला. प्रोग्रामर त्यात आलेच. ज्या सीनियरांच्या भरवशावर आज एआयचं काम तपासलं जातंय ते सगळे कधीतरी ज्युनियर होते आणि त्यांच्या चुकांना कोणीतरी जागा दिली होती. "सांगायला शिक" म्हणणाऱ्या लीडनं तुला महिन्यातून चार तास शेजारी बसवून एक बग सोबत शोधला, तर कंपनीचं काही बिघडत नाही. मी स्वतः हे करायला उशीर केला. दुधाचा तो कोड मी वरवर न पाहता त्या मुलाला शेजारी बसवून विचारलं असतं, तर त्या बाबांना पावती घेऊन यावं लागलं नसतं. ती चूक त्याच्याइतकीच माझी होती.

आणि हो, मुलाखतीची काळजी तू शेवटच्या ओळीत लिहिली आहेस. पुढची नोकरी बघशील तेव्हा स्क्रीन शेअर करून एक बिघडलेला प्रोग्राम देतील अशी तयारी ठेव. मी मुलाखत घेते तेव्हा तेच देते, आणि एआय वापरायलाही परवानगी असते. उत्तर आलं की नाही याला मी कमी महत्त्व देते. समोरचा पहिली पाच मिनिटं काय करतो ते बघते. एरर वाचतो का, प्रश्न विचारतो का, की वाचायच्या आधीच ती उचलून चॅटमध्ये टाकतो.

येत्या सोमवारी एक बगचं तिकीट मागून घे, फार मोठं नको. अर्धा तास वहीत लिहून मग पुढे जा. आठवडाभर अडलास तर मला परत लिही. काय व्हायला हवं होतं, काय झालं, आणि तुला कशाचा संशय आहे, एवढं मात्र त्यात असू दे.